निर्गमनकालीन उंचीविचलन

निर्गमनकालीन उंचीविचलन : विमानाने धावपट्टी सोडल्यापासून ते मार्गस्थ उंची गाठेपर्यंतच्या टप्प्यात त्याला नेमून दिलेली उंची ओलांडणे, तिच्या खालीच राहणे, अथवा ती नेमलेल्या स्थानाच्या आधी वा नंतर गाठणे, या तिन्ही प्रकारच्या चुकांना निर्गमनकालीन उंचीविचलन म्हणतात. यूरोपातील हवाई वाहतूक नियंत्रण व्यवस्थेत ३०० फूट (सु. ९० मी.) किंवा त्याहून अधिक फरक पडला, की ती नोंदण्याजोगी चूक समजली जाते, कमी केलेल्या उभ्या अंतराच्या, म्हणजे २९,००० ते ४१,००० फुटांच्या पट्ट्यात हीच मर्यादा २०० फूट आहे. जगातील बहुतेक देशांत विमानांची उंची फुटांत सांगण्याची प्रथा असल्याने या नोंदीत मुख्यत्वे तेच एकक वापरले आहे.

विमान जमिनीजवळ असताना उंचीतील अल्प फरकही धोक्याचा ठरतो, ही गोष्ट सामान्य प्रवाशाला सहज पटते. परंतु निर्गमनातील खरा धोका बहुधा जमिनीचा नसून वरून येणाऱ्या दुसऱ्या विमानाचा असतो. मोठ्या शहराभोवतीच्या आकाशात चढणारी व उतरणारी विमाने एकमेकांच्या मार्गांना छेदतात. या छेदबिंदूंवर त्यांना परस्परांपासून दूर ठेवणारी गोष्ट म्हणजे केवळ १,००० फुटांचे, म्हणजे सु. ३०५ मीटरांचे उभे अंतर. चढणारे जेट विमान मिनिटाला ३,००० फूट या सर्वसाधारण वेगाने जात असेल, तर हे सगळे अंतर ते २० सेकंदांत संपविते आणि ३०० फुटांची नोंदण्याजोगी चूक होण्यास त्याला अवघे ६ सेकंद पुरतात. एखादा आकडा पुन्हा विचारून घेण्यास जेवढा वेळ लागतो, तेवढाच हा अवधी होय.

उंचीचे मापन : विमानातील उंचीमापक हे मुळात वायुदाबमापक असते. वर जावे तसतसा हवेचा दाब घटतो आणि त्या घटीवरून उपकरण उंची दाखविते. समुद्रसपाटीजवळ १ हेक्टोपास्काल, म्हणजेच पूर्वीच्या परिभाषेतील १ मिलिबार, इतका दाब बदलला, की उंचीत २७ ते ३० फुटांचा फरक पडतो. मात्र हवेचा दाब स्थळकाळानुसार बदलत असल्याने उपकरणाला आधारभूत दाब पुरवावा लागतो. जर्मनीत जन्मलेले अमेरिकन अभियंते पॉल कोल्समन यांनी १९२८ मध्ये यासाठी संवेदनशील उंचीमापक तयार केले. त्याच्या छोट्या खिडकीत दाबाचा आकडा जुळविण्याची सोय होती आणि ती सोय आजही कायम आहे. २४ सप्टेंबर १९२९ रोजी अमेरिकेतील लाँग आयलंडवरील मिचेल फील्ड येथे जिमी डूलिटल यांनी बाहेरचे काहीही न पाहता, निव्वळ उपकरणांच्या आधारे उड्डाण करून विमान परत उतरविले, त्यात या उपकरणाचा मोठा वाटा होता.

तीन काट्यांच्या जुन्या उंचीमापकात शेकडा, हजार व दहा हजार फुटांसाठी वेगवेगळे काटे असत आणि त्यांपैकी सर्वांत लहान काटा दहा हजारांचा असे. त्यामुळे घाईत वाचताना नेमकी दहा हजार फुटांची चूक होई. १९५८ या एकाच वर्षात ब्रिटनमध्ये अशा चुकीमुळे दोन विमाने जमिनीवर आदळली : एप्रिलमध्ये स्कॉटलंडमधील प्रेस्टविकजवळ एक व्हायकाउंट आणि डिसेंबरमध्ये दक्षिण इंग्लंडमधील हर्नजवळ एक ब्रिटानिया. त्यानंतर आकड्यांच्या फिरत्या पट्टीचे उंचीमापक व पुढे पडद्यावरील अंकदर्शक आले. वाचनातील ही चूक त्यामुळे जवळजवळ नाहीशी झाली. दाब जुळविण्यातील चूक मात्र उरली.

ही चूक समजण्यासाठी दोन प्रकारच्या आधारदाबांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. विमानतळाजवळ त्या वेळचा, समुद्रसपाटीस अनुसरून काढलेला स्थानिक दाब जुळवितात. डोंगर, मनोरे इत्यादींपासूनचे अंतर त्यामुळे अचूक राहते. वर गेल्यावर सर्व विमाने एकच प्रमाण दाब, म्हणजे १०१३·२५ हेक्टोपास्काल, जुळवितात, म्हणजे परस्परांतील अंतर राखणे सोपे जाते. या दाबावर वाचलेल्या उंचीला उड्डाण पातळी म्हणतात व ती शेकडा फुटांत सांगतात, उदा., पातळी १४० म्हणजे १४,००० फूट. एका दाबावरून दुसऱ्यावर जाण्याच्या उंचीला संक्रमण उंची अशी संज्ञा आहे. अमेरिका व कॅनडा येथे ती सर्वत्र १८,००० फूट आहे. इतरत्र मात्र ती विमानतळागणिक बदलते आणि अनेक ठिकाणी ३,००० ते ६,००० फूट इतकी कमी असते. चढत्या विमानातील सर्वाधिक धावपळ नेमक्या याच पट्ट्यात चाललेली असते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. उत्तर अटलांटिकवरील हिवाळी आवर्त एखाद्या यूरोपीय विमानतळावरून सरकत असताना स्थानिक दाब ९८३ हेक्टोपास्काल आहे, असे समजू. विमानाला पातळी ८० पर्यंत चढण्याची अनुज्ञा मिळाली आहे. पण संक्रमण उंची ओलांडताना प्रमाण दाब जुळवावयाचा राहून गेला. उंचीमापक ८,००० फूट दाखवील, तेव्हा विमान प्रत्यक्षात पातळी ८८ च्या आसपास असेल. वरच्या विमानासाठी राखलेल्या १,००० फुटांपैकी सु. ८०० फूट संपलेले असतील आणि वैमानिकाच्या समोरील उपकरणात काहीही वावगे दिसणार नाही. याउलट, तोच प्रमाण दाब वेळेआधी जुळविला, तर विमान ठरलेल्या उंचीच्या तितकेच खाली सपाट होईल.

मुंबईत हिवाळ्यात समुद्रसपाटीचा दाब १०१३ हेक्टोपास्कालच्या आसपास असतो. त्यामुळे दाब जुळवावयाचा विसरला, तरी फारसा फरक पडत नाही. जुलैत मात्र तो सरासरीने १००३ च्या घरात उतरतो आणि तोच विसर २७० ते ३०० फुटांना पडतो. कित्येक महिने निरुपद्रवी ठरलेली सवय पावसाळ्यात नोंदण्याजोगी चूक होऊन बसते, ती अशी.

निर्गमन पद्धती : वर्दळीच्या विमानतळावर प्रत्येक विमानाला वळणे व उंच्या तोंडी सांगत बसणे अशक्य असते. म्हणून विशिष्ट धावपट्टीवरून विशिष्ट दिशेस जाण्याचे मार्ग आधीच आखून, त्यांना नावे देऊन, नकाशांच्या रूपाने प्रसिद्ध केलेले असतात. त्यांना प्रमाणित उपकरण-निर्गमन पद्धती असे म्हणतात. नियंत्रकाने पद्धतीचे नाव उच्चारले, की मार्ग, वळणे आणि प्रत्येक टप्प्यावरील उंचीची बंधने हे सर्व त्यात आपोआप येते. आंतरराष्ट्रीय आखणीत चढाचा किमान उतार सामान्यतः ३·३ टक्के धरतात. अडथळे अधिक असतील, तेथे तो वाढवितात.

उंचीची बंधने चार तऱ्हांची असतात : अमुक स्थानी नेमकी इतकी उंची, किमान इतकी, कमाल इतकी किंवा दोन मर्यादांच्या मधली. नकाशावर ती आकड्यांच्या खाली वा वर मारलेल्या रेघांनी दाखवितात. किमान बंधन जमिनीवरील अडथळ्यांसाठी, क्वचित गोंगाट कमी राहावा म्हणूनही असते. कमाल बंधन बहुतेक वेळा वरून जाणाऱ्या दुसऱ्या मार्गासाठी असते. वैमानिकाला आकडा दिसतो, त्यामागील कारण दिसत नाही. नकाशे आखणाऱ्यांनी हे कारण थोडक्यात छापावे, ही वैमानिकांची मागणी रास्त आहे. १,५०० फुटांच्या बंधनावरून मोठी प्रवासी विमाने जात आहेत, हे ज्याला ठाऊक असते, तो ते बंधन सहसा विसरत नाही.

याचे बहुचर्चित उदाहरण अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील टेटरबरो विमानतळाचे आहे. हा विमानतळ न्यूयॉर्कला जाणाऱ्या खाजगी व भाडोत्री जेट विमानांचा असून तो नेवार्क या महाविमानतळापासून २० किमी. अंतरावर आहे. नेवार्कला उतरणाऱ्या विमानांचा मार्ग टेटरबरोच्या माथ्यावरून जातो. म्हणून नैर्ऋत्येकडील धावपट्टीवरून निघणाऱ्या ‘रूडी’ नावाच्या पद्धतीत ‘वेंट्झ’ या स्थानापर्यंत १,५०० फुटांवरच राहावयाचे आणि ते ओलांडल्यावर ‘टास्का’ या स्थानी २,००० फुटांवर जावयाचे, असे बंधन घातलेले आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ३ मी. उंचीवर आहे. हलके, शक्तिमान जेट विमान १,५०० फूट अर्ध्या मिनिटाच्या आत गाठते. इतक्या अवधीत चाके आत घेणे, शक्ती कमी करणे, पंखांवरील झडपा मिटणे, संदेशवहनाची वारंवारता बदलणे आणि वळण घेणे ही सगळी कामे उरकावी लागतात. उंचीच्या खिडकीत २,००० हा शेवटचा आकडा लावलेला असतो आणि मधल्या पायरीचे स्मरण कोणीतरी ठेवावे लागते. ते न ठेवल्यामुळे कित्येक विमाने ‘वेंट्झ’ येण्याच्या आधीच २,००० फुटांकडे चढली आहेत. या पद्धतीचे नियम पाळणे अवघड नाही, परंतु ते मनुष्याच्या व यंत्राच्या सवयीविरुद्ध आहेत. उड्डाणानंतर विमानाने चढत राहणे स्वाभाविक असते आणि येथे त्याला भरधाव चढतानाच अडविले आहे.

लंडन सिटी या छोट्या विमानतळाची स्थिती अशीच आहे. तेथून निघणारी विमाने प्रथम ३,००० फुटांवर थांबतात, कारण वरून हीथ्रोकडे जाणारी मोठी विमाने येत असतात. २७ जुलै २००९ रोजी तेथून निघालेल्या एका छोट्या जेट विमानाच्या वैमानिकांनी ३,००० ऐवजी ४,००० फूट असा आकडा परत वाचून दाखविला. नियंत्रकाच्या कानांवरून तो तसाच गेला. विमान ४,००० फुटांकडे चढले आणि हीथ्रोला उतरू पाहणाऱ्या एका बोइंग ७७७ विमानाच्या अगदी जवळून गेले. मोठ्या विमानातील टक्करप्रतिबंधक यंत्रणेने दिलेल्या सूचनाही पाळल्या गेल्या नाहीत. अपघात टळला, तो छोट्या विमानातील वैमानिकांना दुसरे विमान डोळ्यांनी दिसले म्हणून. स्वच्छ हवेचा दिवस नसता तर काय झाले असते, हे सांगण्यास तज्ञाची गरज नाही.

शब्दांचा गोंधळ : नियंत्रक आणि वैमानिक यांच्यातील संभाषण इंग्रजीत चालते आणि त्यात ‘टू’ हा उच्चार ‘पर्यंत’ आणि ‘दोन’ अशा दोन्ही अर्थांनी येतो; ‘फॉर’ व ‘फोर’ यांचेही तसेच. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालुंपुरला उतरणाऱ्या एका मालवाहू बोइंग ७४७ विमानाला नियंत्रकाने ‘डिसेंड टू फोर झिरो झिरो’ असे सांगितले. त्याच्या मनात २,४०० फूट होते. वैमानिकांनी ‘४०० पर्यंत खाली या’ असा अर्थ घेतला. विमान टेकडीवर आदळून चारही कर्मचारी मृत्युमुखी पडले. ही घटना आगमनाची असली, तरी उंचीच्या आकड्यांसंबंधीची बोलण्याची शिस्त शिकविताना जगभर हेच उदाहरण देतात. हजार आणि शेकडा हे शब्द स्पष्टपणे उच्चारावे, हा नियम या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

१०,००० आणि ११,००० या दोन उंच्यांची अदलाबदल सर्वांत अधिक होते, असे अमेरिकेत गोळा झालेल्या वैमानिकांच्या निवेदनांवरून दिसून आले. ‘वन झिरो’ आणि ‘वन वन’ हे आकडे कानाला सारखेच लागतात, शून्यांची रांगही तीच. ब्रिटनमध्ये पातळी १०० चा उच्चार ‘वन झिरो झिरो’ असा न करता ‘वन हंड्रेड’ असा करण्याचा प्रघात पडला, तो पातळी ११० शी होणारी गल्लत टाळण्यासाठी. उड्डाणक्रमांक, वेग, दिशा आणि वारंवारता हेही आकडेच असल्यामुळे एकाच वाक्यात तीन-चार आकडे दिले गेले, की एकाचे मूल्य दुसऱ्याच्या जागी बसते. अपेक्षेचा परिणाम याहून घातक असतो. रोज ६,००० फुटांची अनुज्ञा मिळणाऱ्या वैमानिकाला ५,००० म्हटलेले ६,००० ऐकू येते. आणि रोज अचूक प्रतिवाचन ऐकणाऱ्या नियंत्रकाला चुकीचे प्रतिवाचनही अचूकच वाटते.

प्रसिद्ध केलेल्या बंधनांचे पुढे काय होते, हा प्रश्नही दीर्घकाळ संदिग्ध राहिला. निर्गमन पद्धतीवर असलेल्या विमानाला नियंत्रकाने ‘१२,००० फुटांपर्यंत चढा’ असे सांगितले, तर नकाशावरील मधली बंधने उरतात की रद्द होतात? वेगवेगळ्या देशांत याची उत्तरे वेगवेगळी होती आणि एकाच दिवसात तीन देशांत उड्डाण करणाऱ्या वैमानिकाला ती सर्व पाठ ठेवावी लागत. अमेरिकेत एप्रिल २०१४ पासून ‘क्लाइंब व्हाया’ ही शब्दयोजना अंमलात आली. ती उच्चारल्यास नकाशावरील सर्व बंधने पाळावयाची असतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने १० नोव्हेंबर २०१६ पासून याच धर्तीची शब्दयोजना स्वीकारली व बंधने रद्द करावयाची असतील, तर तसे स्पष्ट शब्दांत सांगण्याचे बंधन घातले. तथापि सर्व देशांनी ती सारख्याच रीतीने लागू केली नाही.

स्वयंचालकाचा भाग : आधुनिक विमानात चढण्याचे काम बहुधा स्वयंचालक करतो, म्हणून उंचीच्या चुका संपल्या, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात चुकीचे ठिकाण बदलले, एवढेच. उड्डाण-व्यवस्थापन संगणकात निर्गमन पद्धतीची सगळी बंधने साठविलेली असतात. परंतु संगणक ती पाळतो, ते ऊर्ध्वमार्गदर्शनाची विशिष्ट अवस्था चालू असतानाच. नियंत्रकाने अचानक दिशा बदलण्यास सांगितले आणि वैमानिकाने चढण्याची साधी अवस्था निवडली, तर मधली बंधने यंत्राच्या दृष्टीने अस्तित्वातच राहत नाहीत. ते थेट वरच्या खिडकीतील आकड्याकडे धाव घेते. पडद्याच्या माथ्यावरील दोन-तीन अक्षरे तेवढी बदलतात. उड्डाणापूर्वी धावपट्टी बदलली आणि संगणकात जुन्याच धावपट्टीची पद्धती राहिली, तर यंत्र चुकीची बंधने तंतोतंत पाळते. विमान नेमलेल्या उंचीवर स्थिरावू लागल्यावर चढाचा वेग हाताने बदलल्यास काही प्रकारच्या विमानांत ते स्थिरावणेच रद्द होऊन विमान पुढे चढत राहते, हा दोषही वैमानिकांच्या निवेदनांत पुनःपुन्हा आढळतो.

हाताने विमान चालवितानाची एक घटना या संदर्भात उद्‌बोधक आहे. १८ डिसेंबर २०२२ रोजी हवाई बेटांपैकी माउईवरील काहुलुई येथून सॅन फ्रान्सिस्कोकडे निघालेले बोइंग ७७७ विमान सु. २,१०० फुटांवर पोहोचल्यानंतर खाली येऊ लागले आणि समुद्रापासून ७४८ फुटांवर येऊन पुन्हा चढले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या चौकशीत असे दिसले, की मुख्य वैमानिकाने झडपा ‘फाइव्ह’ वर आणण्यास सांगितले होते. सहवैमानिकाने ‘फिफ्टीन’ ऐकले व तसे केले. अपेक्षित वेग आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा मेळ बसेना, त्याचा उलगडा करण्यात दोघांचेही लक्ष गुंतले आणि विमानाच्या उंचीकडे कोणाचेच राहिले नाही. जमिनीच्या सान्निध्याचा इशारा देणाऱ्या यंत्राच्या आवाजाने ते भानावर आले. येथे ऐकण्यातील चूक उंचीची नव्हती, झडपांची होती. उंची गेली ती केवळ लक्ष दुसरीकडे वळल्यामुळे.

चरखी दादरीची टक्कर : उंचीविचलनाच्या इतिहासातील सर्वांत भीषण घटना भारतात घडली. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी सायंकाळी सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ विमान दिल्लीहून निघून पश्चिमेकडे चढत होते. त्याला पातळी १४० पर्यंतच अनुज्ञा होती. समोरून कझाकस्तानचे इल्यूशिन-७६ जातीचे विमान दिल्लीकडे उतरत होते व त्याला पातळी १५० वर थांबण्यास सांगितले होते. दोन्ही विमानांना एकमेकांविषयी कल्पना दिलेली होती. परंतु इल्यूशिन विमान १५,००० फुटांवर न थांबता आणखी खाली आले आणि हरयाणातील चरखी दादरी गावाच्या आकाशात दोन्ही विमानांची टक्कर होऊन त्यांतील सर्व ३४९ जण ठार झाले. हवेतील टकरींत एवढी प्राणहानी त्यापूर्वी किंवा त्यानंतर झालेली नाही. निर्गमन करणारे विमान आपल्या उंचीवर होते. चूक दुसऱ्याची होती. उभ्या अंतराच्या व्यवस्थेचे हे वैशिष्ट्यच आहे, की तिच्यात एकाचा जीव दुसऱ्याच्या अचूकपणावर अवलंबून असतो.

न्यायमूर्ती रमेशचंद्र लाहोटी यांच्या चौकशी आयोगाने कझाक कर्मचाऱ्यांनी अनुज्ञेपेक्षा खाली येणे, हे मूळ कारण ठरविले आणि त्यांच्या इंग्रजीच्या अपुऱ्या ज्ञानाकडेही निर्देश केला. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम स्वतंत्र संदेशवाहकाकडे होते व त्याच्यासमोर स्वतःची उंचीदर्शक उपकरणे नव्हती; तो वैमानिकांच्या उपकरणांकडे डोकावून पाही. आकडा ऐकणारा एक आणि आकड्यावर विमान थांबविणारा दुसरा, अशी ती रचना होती. मात्र सगळा दोष परदेशी कर्मचाऱ्यांच्या माथी मारून थांबणे योग्य ठरत नाही. दिल्लीच्या आसमंतातील बराचसा भाग हवाई दलासाठी राखीव असल्याने येणाऱ्या व जाणाऱ्या नागरी विमानांना त्या वेळी एकच चिंचोळा मार्ग उपलब्ध होता आणि तेथील नियंत्रकांच्या रडारला विमानांची उंची दिसत नव्हती. दुय्यम रडारची उभारणी झालेली असूनही ते अद्याप कार्यान्वित झाले नव्हते. अपघातानंतर आगमन व निर्गमन यांचे मार्ग वेगळे करण्यात आले आणि टक्करप्रतिबंधक यंत्रणा भारतात येणाऱ्या विमानांना सक्तीची झाली.

प्रतिबंधक उपाय : नियंत्रकाने उंची सांगताच विमान न चालविणाऱ्या वैमानिकाने ती खिडकीत लावावी, दोघांनीही तिच्याकडे बोट दाखवून ती मोठ्याने उच्चारावी आणि मगच पुढचे काम करावे, हा सर्वांत जुना व स्वस्त उपाय आहे. नेमलेल्या उंचीला १,००० फूट उरले असता तसे पुकारण्याची रीतही सार्वत्रिक झाली आहे. अमेरिकेत १९८१ मध्ये १०,००० फुटांखाली वैमानिकांनी कामाव्यतिरिक्त काहीही बोलू नये, असा नियम झाला. त्यामागे १९७४ मधील शार्लट येथील विमानअपघात होता, ज्यात वैमानिक उतरताना इतर गप्पांत गुंतले होते. शेवटच्या १,००० फुटांत चढाचा वेग मिनिटाला १,५०० फुटांच्या खाली आणावा, अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. तिचे कारण वेगळे आहे. विमान योग्य उंचीवर थांबणार असले, तरी त्याचा चढाचा वेग पाहून वरच्या विमानातील टक्करप्रतिबंधक यंत्रणा टक्कर अटळ आहे असा निष्कर्ष काढते आणि त्या विमानाला विनाकारण हलविते. गर्दीच्या आकाशात हे हलणेच नव्या विचलनाचे कारण होऊ शकते.

रडारच्या नव्या पद्धतीत वैमानिकाने खिडकीत लावलेला आकडा नियंत्रकाच्या पडद्यावर उमटतो. लंडनसारख्या ठिकाणी तिचा उपयोग होऊ लागल्यापासून चुकीची उंची विमान तेथे पोहोचण्यापूर्वीच हेरता येते. पण आकडा बरोबर आणि दाब चुकीचा, अशी स्थिती तो आकडा दाखवू शकत नाही. म्हणून विमानाच्या उंचीमापकावर जुळविलेला दाबही खाली पाठविणाऱ्या यंत्रणा वापरात आल्या आहेत.

निवेदनाची प्रथा : या चुकांविषयी जे ज्ञान साठले आहे, त्याचा मोठा भाग वैमानिकांनी स्वतः होऊन दिलेल्या निवेदनांतून आला आहे, आणि त्या प्रथेचा उगमही उंचीविषयीच्या एका गैरसमजात आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनच्या डलस विमानतळाकडे येणारे बोइंग ७२७ विमान, उतरण्याची अनुज्ञा म्हणजे १,८०० फुटांपर्यंत खाली येण्याची मोकळीक, असा अर्थ घेऊन माउंट वेदर या डोंगरावर आदळले व ९२ जण ठार झाले. चौकशीत असे उघड झाले, की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका विमानकंपनीच्या वैमानिकांनी नेमका हाच अर्थ घेतला होता आणि ते थोडक्यात बचावले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. बाहेर मात्र ते कोणालाच कळले नव्हते. यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेत विमानवाहतूक सुरक्षा निवेदन व्यवस्था सुरू झाली. दंड करण्याचा अधिकार असलेल्या खात्याकडे निवेदने जाऊ नयेत, म्हणून ती चालविण्याचे काम ‘नासा’ या अवकाश संस्थेकडे देण्यात आले. निवेदन देणाऱ्याचे नाव काढून टाकले जाते आणि हेतुपुरस्सर न केलेल्या चुकीबद्दल दहा दिवसांच्या आत निवेदन दिल्यास सामान्यतः शिक्षेतून सूट मिळते. अशी दहा लाखांहून अधिक निवेदने तेथे जमा झाली असून उंचीविचलन हा त्यांतील सुरुवातीपासूनचा एक प्रमुख विषय आहे.

या सवलतीवर आक्षेपही घेतला जातो. प्रवाशांचे प्राण धोक्यात घालणाऱ्यास मोकळे सोडू नये, हे म्हणणे सहजासहजी खोडून काढता येत नाही. परंतु शिक्षेच्या भीतीने लपविलेली चूक नकाशा आखणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही आणि तोच नकाशा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वैमानिकाच्या हाती पडतो, हा अनुभव आहे. टेटरबरोच्या पायरीवर चुकलेल्या वैमानिकांची निवेदने एकत्र वाचली गेली नसती, तर त्यांपैकी प्रत्येक जण निष्काळजी ठरला असता आणि सापळा आहे तो नकाशातील एका पायरीत, हे कोणाच्याही ध्यानात आले नसते. भारतात उड्डाणनोंदींचे नियमित विश्लेषण विमानकंपन्यांना बंधनकारक असून उंचीविचलनाची माहिती नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाला कळवावी लागते. मुंबईपासून सरळ रेषेत सु. २५ किमी. अंतरावर असलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. एकाच महानगराच्या आकाशात दोन मोठे विमानतळ चालविताना एकाची निर्गमने दुसऱ्याच्या आगमनांखाली किंवा त्यांच्या बाजूने काढावी लागतात, आणि चढत्या विमानांना मधल्या उंचीवर थांबविणाऱ्या पायऱ्या जितक्या कमी, तितकी ती आखणी चांगली, असे नेवार्क आणि लंडन येथील अनुभवावरून विमानतज्ञ मानतात.